दोन्ही डोळे काळे-निळे झालेत आणि शाळेतून विचारलं, घरी कुणी मारतं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई इंदूरच्या सुदामानगरच्या, मुलगी सव्वादोन वर्षांची. दहाबारा दिवसांपासून तिच्या दोन्ही डोळ्यांभोवती काळं-निळं दिसतंय, आधी वाटलं काजळ पसरलं असेल, मग वाटलं झोप होत नाहीये, आजींनी दोनदा दृष्टही काढली, आणि परवा प्ले-स्कूलच्या मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं की घरी कुणी हात उचलतं का. मिस्टर भडकलेत, मुलीला तिथून काढूनच टाकू म्हणतायत. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, ताईंनी लिहिलंय की आठवडाभर ती चालायला कुरकुर करते, सारखी कडेवर घे म्हणते.

मी इंदूरलाच लहान मुलांची डॉक्टर आहे, बरीच वर्षं कॅन्सरच्या मुलांमध्ये गेलीत, म्हणून सरळच सांगते, मला त्या शेवटच्या वाक्याची जास्त काळजी वाटली. डोळे आणि चालणं दोन्ही एकदम आहे ना, मग उद्या सकाळीच मुलांच्या डॉक्टरकडे जा, शाळेशी भांडण नंतर करता येईल. लिहिलेल्यावरून निदान होत नसतं आणि मी ते करतही नाहीये, बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण जी कारणं नजरेतून सुटली तर महागात पडतात त्यात मारहाण आहे आणि काही कॅन्सरही आहेत, आणि बाहेरून बघताना दोन्ही इतके सारखे दिसू शकतात की नुसतं बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो डॉक्टर का असेना.

आधी साधं कारण. मूल कपाळावर आपटलं, टेंगूळ आलं, रडलं आणि विसरलं. एकदोन दिवसांनी ते रक्त कातडीखालून खाली उतरतं आणि दोन्ही डोळे काळे होतात, पापणीची कातडी पातळ आणि सैल असते म्हणून तिथे साठतं. यात घाबरायचं काही नाही, दीडदोन आठवड्यांत जातं, आणि नीट बघितलं तर कपाळावर टेंगळाची खूण अजून सापडते. तुम्ही म्हणता पडल्याचं आठवत नाही, कपाळ साफ आहे, आणि काळं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. मग हे कारण बसत नाही. ॲलर्जीनेही डोळ्यांखाली काळसर दिसतं पण ते खालीच असतं, वरच्या पापणीला जांभळं येत नाही. तुमच्या मुलीची वरची पापणी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून बघा, ट्यूबलाइटमध्ये नको. जांभळट आहे का, सुजल्यासारखी आहे का, एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित पुढे आल्यासारखा वाटतो का.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहितेय ते. न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर असतो, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. बऱ्याचदा किडनीच्या वर जी ॲड्रिनल ग्रंथी असते तिथे सुरू होतो, कधी पाठीच्या कण्याच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूंच्या साखळीत. पोटात गाठ वाढत असते पण मूल काही सांगत नाही, आणि कळतं तेव्हा साधारण निम्म्या मुलांमध्ये तो पसरलेला असतो, हाडांत आणि बोनमॅरोत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त बनतं तिथे. डोळ्याच्या खोबणीच्या हाडांत गेला की तिथे रक्त साठतं आणि दोन्ही डोळे कुणी ठोसे मारल्यासारखे दिसतात. पायाच्या, कंबरेच्या हाडांत गेला की मूल लंगडतं, चालायला नाही म्हणतं, उचललं की रडतं. चिडचिड इतकी की आया कंटाळून जातात. म्हणजे विचार करा, डोळे काळे असलेलं, हात लावला की किंचाळणारं, चालायला घाबरणारं मूल. शाळेतल्या बाईंनी विचारलं नसतं तरच नवल.

त्यामुळे मॅडमवर रागावू नका. त्यांनी विचारलं ते बरोबरच केलं. ओरडून नाही विचारलं, सगळ्यांसमोर नाही विचारलं, तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं. आपल्याकडे लोकांना वाटतं की मारहाण म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरात होते, रामबागेतल्या नाहीतर लोकमान्य नगरातल्या सुशिक्षित मराठी घरात नाही. होते हो. मी बघितलीय. म्हणून विचारायलाच हवं. १९६२ मध्ये अमेरिकेत हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाल्लेल्या मुलांवर जो लेख लिहिला तोपर्यंत डॉक्टरसुद्धा आईबापांनी सांगितलेल्या पडण्याच्या गोष्टी मान हलवून ऐकून घ्यायचे. आता आम्हाला संशय घ्यायला शिकवतात आणि ते योग्यच आहे. फक्त संशय घेतला की त्याच वेळी रक्त पण तपासायचं, हे कुठे कुठे राहून जातं.

रक्ताच्या कॅन्सरचं बघा. ल्युकेमिया, मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, त्यातला एएलएल (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) प्रकार दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये जास्त. बोनमॅरोत खराब पेशी भरल्या की प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, बनायला जागाच उरत नाही. प्लेटलेट्स नॉर्मली दीड ते साडेचार लाख असतात, त्या वीसतीस हजारांवर आल्या की साधं दंडाला धरून उचललं तरी बोटांचे ठसे उमटतात. माझ्याकडे एक तीन वर्षांचा मुलगा आणला होता, दोन्ही दंडांवर चारचार जांभळे डाग, अगदी बोटांच्या आकाराचे, आणि पाठीवर एक पट्टा. घरच्यांनी त्या दिवशी सकाळीच आयाबाईला काढून टाकलं होतं, शेजारपाजारी सांगूनही झालं होतं. मुलगा पांढराफटक पडला होता. मी पापणी खाली ओढून बघितली, लाली नाहीच, पोटाला हात लावला तर प्लीहा वाढून खाली उतरलेली, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. प्लेटलेट्स चौदा हजार निघाल्या. ती बाई त्याला रोज दंडाला धरून टबमधून उचलायची, बस एवढंच. पाठीवरचा पट्टा कार-सीटचा होता. संशय नेहमी घरातल्या सगळ्यात गरीब माणसावर आधी जातो हे पण लक्षात ठेवा.

ते लाल ठिपके घरी तपासता येतात. काचेचा पारदर्शक ग्लास ठिपक्यावर दाबायचा. ॲलर्जीचं पुरळ असेल तर दाबल्यावर फिकं पडतं, कातडीखाली रक्त असेल तर तसंच दिसत राहतं. खूप खोकला झाला, उलट्या झाल्या तर चेहऱ्यावर आणि गळ्यापाशी असे थोडे ठिपके येऊ शकतात, ते चालतं. पण पायांवर, पोटावर आले आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवायचं, रात्र असली तरी.

आता कुठल्या जागी निळं पडलं तर जास्त विचार करायचा. चालणाऱ्या-पळणाऱ्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर निळं असणं म्हणजे मूल हिंडतंफिरतंय एवढाच अर्थ. २०१० मध्ये मेरी क्लाइड पिअर्स आणि त्यांच्या गटाने एक नियम मांडला, नंतर २०२१ मध्ये तो वाढवला, आम्ही तो वापरतो: चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या धडावर, कानावर, मानेवर, जबड्याच्या कोनापाशी, गालाच्या मऊ भागावर, पापणीवर, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त, किंवा वरच्या ओठाच्या आतला पडदा फाटलेला असेल तर मारहाणीचा विचार करायचाच, आणि चार-पाच महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठेही निळं पडलेलं असेल तरी. पण ताई, याच यादीत पापणी आहे आणि न्यूरोब्लास्टोमा पण पापणीवरच दिसतो. नियम विचार करा म्हणतो, मारलंय असं तो म्हणत नाही. काही जण रंगावरून सांगतात की हे चार दिवसांचं, ते आठ दिवसांचं, त्यात काही दम नाही, रंगावरून दिवस सांगता येत नाहीत.

बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मापासून निळसर डाग असतात ते वेगळे, आपल्या मुलांमध्ये खूप कॉमन, ते महिनोन्‌महिने तसेच राहतात आणि दाबून दुखत नाहीत. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना तिथल्या पाळणाघरात यावरून प्रश्न विचारले जातात, म्हणून जन्मानंतरच्या फाइलीत डॉक्टरांकडून नोंद करून घ्या असं मी सांगते.

एक्स-रेचं पण तसंच. ल्युकेमियात हाडं ठिसूळ होतात, छोट्याशा धक्क्याने मोडतात, मणके दबतात, हाडाच्या कडेने नवा थर दिसतो. मारहाणीतही तसा थर दिसतो. फरक करता येतो, म्हणजे बरगड्या मागच्या बाजूने मोडणं किंवा लांब हाडाच्या टोकाशी कोपरा तुटणं हे बाळांत पिळण्या-झटकण्याकडे जास्त बोट दाखवतं, पण ते मुलांचे एक्स-रे रोज बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टने सांगायचं, कोपऱ्यावरच्या हाड बसवणाऱ्या पहिलवानाने नाही. इथे हे फार चालतं, मूल लंगडलं की पहिलवानाकडे, तो ओढतो, तेल लावून पट्टी बांधतो. लंगडण्याचं कारण कळेपर्यंत ओढाताण नको आणि मालिशवाल्या बाईंनाही सुट्टी द्या.

आणखी काही आहेत, पटकन सांगते. लॅंगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस, यात डोक्याच्या कवटीवर मऊ गाठ येते आणि एक्स-रेत भोक दिसतं, लोकांना वाटतं डोक्यात मारलं. डोळ्याच्या खोबणीतला ऱ्हॅबडोमायोसार्कोमा, यात काही दिवसांत एकच डोळा पुढे येतो आणि पापणी सुजते, घरच्यांना हमखास आठवतं की आठ दिवसांपूर्वी भावाने खेळताना बॅट मारली होती. आणि बोलायला अवघड पण सांगायलाच हवं, छोट्या मुलीच्या शूच्या जागेतून रक्त किंवा द्राक्षाच्या घडासारखं काही बाहेर आलं तर लैंगिक अत्याचाराचा विचार होतोच आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे संशय आला तर कळवणं बंधनकारक आहे, ते करायचंच, पण त्याच वेळी भूल देऊन नीट तपासणी पण व्हायला हवी, कारण तिथेही लहान मुलींना गाठ होते. कळवल्यामुळे तपासणी थांबत नाही आणि तपासणीमुळे कळवणं थांबू नये.

डॉक्टरांसमोर काय होतं ते सांगते कारण तुम्हालाही ते होईल. डॉक्टर विचारणार, कसं लागलं? आणि आईला एकदम वाटतं की उत्तर नसलं तर आपण वाईट आई ठरू. म्हणून ती म्हणते, पडली असेल पलंगावरून. बाबा म्हणतात, नाही, जिन्यावरून. आजी म्हणतात आमच्या घरात जिनाच नाही. झालं. खरं काहीच घडलेलं नसतं आणि गोष्ट तीनदा बदललेली असते, आणि बदलणारी गोष्ट हीच आमच्यासाठी मारहाणीची मोठी खूण असते. तेव्हा माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. कागदावर तारखा लिहून न्या: कधीपासून डोळे काळे, कधीपासून चालणं कमी, ताप कधी आला होता, रात्री दुखून उठते का, घाम येतो का, भूक, वजन. रोज एक फोटो दिवसाच्या उजेडात, तारखेसकट. हे डॉक्टरांनाही उपयोगी आणि उद्या कुणी प्रश्न विचारला तर तुम्हालाही.

पाय दुखण्याबद्दल सगळेच म्हणतात, वाढीचं दुखणं असेल. ते दुखणं दोन्ही पायांना, पोटरी-मांडीला, संध्याकाळी किंवा रात्री होतं, सकाळी मूल पुन्हा उड्या मारतं. एकाच जागी दुखतंय, दिवसाही दुखतंय, लंगडतंय, चालणं सोडलंय, तर त्याला वाढीचं दुखणं म्हणायचं नाही. तसंच पोट मोठं दिसतंय म्हणजे जंत, हे पण दरवेळी नाही. आंघोळ घालताना पोटावरून सपाट हात फिरवा, एका बाजूला काही टणक लागतं का बघा, लागलं तर पुन्हा पुन्हा दाबून घरातल्या सगळ्यांना दाखवत बसू नका, काही गाठी दाबल्याने आत फुटू शकतात.

तपासण्या. पहिली सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, पण त्यासोबत पेरिफेरल स्मीअर, म्हणजे रक्ताची काच पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघायची. काही मशिनी कॅन्सरच्या पेशींना लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट, म्हणजे साध्या पांढऱ्या पेशी, समजून मोजून टाकतात आणि रिपोर्ट चांगला दिसतो. चिठ्ठीवर डोळ्यांचं आणि लंगडण्याचं लिहून द्या म्हणावं, नुसतं रुटीन नको. सोबत पीटी-एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, कारण रक्त न गोठण्याचे जन्मजात आजारही असेच निळे डाग देतात, आणि आयटीपी नावाचा प्रकार असतो ज्यात व्हायरलनंतर फक्त प्लेटलेट्स पडतात आणि मूल एरवी ठणठणीत असतं, हिंडत असतं. दुसरी पोटाची सोनोग्राफी. ही नक्की करून घ्या, सीबीसी नॉर्मल आली तरी, कारण न्यूरोब्लास्टोमात सुरुवातीला रक्त नॉर्मल असू शकतं. बीपी पण बघायला सांगा, छोट्या मुलांचं कुणी बघतच नाही. काही सापडलं तर पुढे लघवीतली व्हीएमए (या गाठीमुळे लघवीत वाढणारं रसायन), स्कॅन, बोनमॅरो, ते सगळं मोठ्या ठिकाणी होईल.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. निदान होईपर्यंत स्टेरॉइड द्यायचं नाही. सूज उतरायचं सिरप, ताकदीचे थेंब, सांध्याची गोळी, काहीही नाव असो, प्रेडनिसोलोन, डेक्सामिथासोन, बेटामिथासोन असं लिहिलेलं दिसलं तर विचारा की हे रक्ताची काच बघायच्या आधी का. ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने काही दिवस विरघळतात, मूल खेळायला लागतं, सगळे खूश होतात, रिपोर्टही फसतो, आणि महिन्यादीड महिन्याने तोच आजार जास्त हट्टी होऊन परत येतो. संधिवात समजून असं केलेली मुलं आमच्याकडे येतच असतात. दुखलं तर पॅरासिटामॉल द्या वजनाप्रमाणे, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको, आणि दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन पण नको प्लेटलेट्स कळेपर्यंत.

कुठे जायचं म्हणाल तर तुमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांपासून सुरू करा, ते ओळखतात तुम्हाला. सरकारीत एमवाय हॉस्पिटलच्या आवारातच चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. गाठ निघालीच तर मुलांच्या कॅन्सरचा डॉक्टर जिथे आहे तिथेच जायचं, मोठ्यांच्या कॅन्सरवाल्याकडे नाही, औषधं आणि पद्धत दोन्ही वेगळी असतात. बरेच जण मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जातात, संध्याकाळच्या अवंतिका एक्सप्रेसने सकाळी मुंबई. आयुष्मान कार्ड असेल तर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं कव्हर असतं, ते कार्ड आत्ताच शोधून ठेवा, मग पळापळ होते. मुलांचे कॅन्सर मोठ्यांसारखे नसतात हे पण ऐका, एएलएल चांगल्या ठिकाणी पूर्ण उपचार केले तर बहुतेक मुलांचा बरा होतो. न्यूरोब्लास्टोमात दीड वर्षाच्या आतल्यांचं जास्त चांगलं जातं, मोठ्या मुलांमध्ये पसरलेला असेल तर लढाई लांब असते, म्हणून तर आठवडे घालवायचे नाहीत.

तपासण्या काही निघाल्या नाहीत तर? मग डॉक्टर पुन्हा घरातलं विचारतील, प्रत्येकाला वेगळं बसवून विचारतील, कदाचित शाळा किंवा हॉस्पिटल मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर कळवेल, बाल कल्याण समितीचं कुणी घरी येईल. अपमान वाटेल, पण येऊ द्या. आणि रिपोर्ट खराब आला म्हणून घरात कुणी हात उचलत नाही असंही सिद्ध होत नाही, आजारी चिडचिड्या मुलालाच जास्त मार बसतो. तुम्ही प्रश्नात मिस्टरांच्या भडकण्याबद्दल लिहिलंत ते शाळेवरचंच असेल असं मी धरून चालते. नसेल, तर डॉक्टरांना एकटीने भेटा, तपासणीच्या निमित्ताने ते सहज जमतं.

मॅडमना उद्याच फोन करा, सांगा की तपासायला नेतोय, रिपोर्ट कळवू, आणि विचारा की वर्गात ती कुठला पाय वाचवून चालते, खाली बसून उठताना कशाला धरते, डबा संपवते का. तिचे तीनचार तास त्यांच्या डोळ्यांसमोर जातात, तुम्हाला कडेवर असल्यामुळे जे दिसत नाही ते त्यांना दिसत असेल. सोनोग्राफीसाठी साधारण चार तास उपाशी ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागा, उठल्यावर दूध देऊ नका आणि बाटली भरून सोबत न्या, बाहेर आल्याबरोबर ती मागणारच.